रुग्णाने सहकार्य केले नाही

नाव, वय, लिंग, कारण, शेरा. एमआरआयच्या फॉर्मवर पाचच रकाने. नागरिकहो, असे फॉर्म आपण सगळ्यांनीच भरलेत. शेवटचा रकाना मात्र आपल्या हातात नसतो. तो यंत्र चालवणारा तंत्रज्ञ भरतो.

इथल्या तंत्रज्ञाला सगळे मास्तर म्हणत. बावीस वर्षांची नोकरी, हात साफ, जीभ हातापेक्षा चलाख.

लिंग.

"मावशी, इथं काय लिहू?" मास्तरांनी खिडकीतून विचारलं. "खूण एकच करता येते हो. अर्धी इकडे, अर्धी तिकडे चालत नाही."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"स्त्री लिहा," आई म्हणाली. "मुलगी आहे माझी."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तापाने ओठ सुकलेले.

कारण.

दीड महिन्यापूर्वी तिची लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली होती. सर्जनने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: घडवलेली योनी कशी भरून येते आहे ते पाहावे. ताप आहे. मागे पू साचला आहे का?

प्रश्न एवढाच होता. उत्तर त्या बोगद्यात पाऊण तास न हलता पडून मिळणार होतं. ती पडलीही. कानांवर हेडफोन, हातात अडचण आली तर दाबायचा रबरी फुगा, दंडात औषध सोडायची सुई.

काचेच्या अलीकडे मास्तरांची खुर्ची. समोर माइकचं बटण. 'श्वास धरा', 'हलू नका' सांगायला ते दर वेळी दाबावं लागे. बोट दुखतं म्हणून मास्तरांनी त्यावर कधीच चिकटपट्टी मारून ठेवली होती. बटण कायमचं दाबलेलं. यंत्र धडधडत असताना काही फरक पडत नसे. पण दोन धडधडींच्या मधे अर्धं मिनिट शांतता असते.

"या, या! असं रोज दिसत नाही," मास्तरांनी नर्सला आणि शेजारच्या एक्स-रेवाल्याला हाक मारली.

"अगं बाई! हुबेहूब की हो," नर्स पडद्यावर वाकली.

"असणारच. शिंपी चांगला गाठलाय. पण घर बांधलं म्हणून कोणी राहायला येतंय होय?"

तिघंही पोट धरून हसले.

आत फुगा दाबला गेला. घंटा किंचाळली. ती बाहेर आली, दंडातली सुई स्वतःच उपटली, गाऊन मुठीत आवळला आणि कोणाकडेही न बघता निघून गेली. औषध सोडून काढायची चित्रं राहिली.

"नखरे!" मास्तर म्हणाले.

शेरा: रुग्णाने सहकार्य केले नाही.

ते वाक्य वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी 'तपासणी अपुरी' असं लिहिलं. तेच वाचून सर्जन म्हणाले, "घाबरली असेल," आणि गोळ्या देऊन आठ दिवसांनंतरची तारीख दिली. तिने गोळ्या उचलल्या. ते हसू पुन्हा तोंडाने उच्चारायचं कसं? शिक्क्याचा कागद खोटं बोलत नाही, असं आपण सगळेच मानतो!

सहाव्या दिवशी तिला स्ट्रेचरवर आणलं. या वेळी यंत्रावर दुसरा तंत्रज्ञ होता. चित्रं आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"हा पांढरा भाग बघा. सगळा पू. आतड्याची भिंत खाल्लीय त्यानं."

"तेव्हाच दिसलं असतं?"

"अजून पंधरा मिनिटं ती आत थांबली असती तर. का उठली ती, मास्तर?"

"आता असल्यांचं काय सांगावं, बाई..."

"मी सांगते," दारातून आई म्हणाली. "आज तापाच्या भरात सगळं बरळली ती. तुमची हाक, तिघांचं हसणं. 'घर बांधलं म्हणून कोणी राहायला येतंय होय?' कोणाचं वाक्य हो हे?"

मास्तर तो दिवस आठवू लागले. काच बंद होती. दार बंद होतं. मग... चिकटपट्टी!

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला नाही. "चारचौघांत एखाद्या बाईचं कापड ओढणाऱ्याला आपण काय म्हणतो? तुम्ही तर कातडीच्याही आत शिरून लोक जमवलेत. वर गुन्हा तिच्याच नावावर लिहिलात. शेरा दुरुस्त करा."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल कदाचित. लिहा."

मास्तरांनी लिहिलं. शेरा: आमच्या हसण्यामुळे रुग्ण उठून गेली.

तिचा जीव वाचला. पण सडलेलं सगळं काढावं लागलं, घडवलेला मार्ग बंद करावा लागला, आणि पोटावर शौचाची पिशवी आली. बारा दिवसांनी, निलंबनाचा कागद खिशात घेऊन, मास्तर वॉर्डात गेले.

"माफ करा," ते म्हणाले.

ती छताकडे बघत होती. "काय होतं हो चित्रात? हसण्यासारखं?"

"काहीच नाही. पहिली चित्रं मी पुन्हा काढून बघितली. शिवण छान जुळली होती. सगळं जागच्या जागी होतं. नुसता पू काढला असता तर..."

"म्हणजे चांगली झाली होती?"

"फार चांगली."

"हे मला कोणीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

नागरिकहो, माणूस आजारी पडला की उघडा होऊन परक्याच्या हाती जातो. त्याचं शरीर कसं असावं हे ठरवायला तिथं कोणी आपल्याला नेमलेलं नसतं. ते जसं असेल तसं नीट बघावं आणि तोंड मिटून काम करावं. मास्तर हे शिकले. खरोखर बदलले. तिला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.