बेरिलचा केक

रेवीला कामावर घेताना ग्लेनिसनं एकच गोष्ट बजावली होती: आपल्या घरातलं बोलणं गिऱ्हाइकाच्या घरी जाता कामा नये. कंपनी तिची होती, त्यामुळे घरही तिचंच.

रेवीच्या आधी या कामावर असलेल्या ब्रेंटनं ते जाऊ दिलं होतं. शिंपले निवडायच्या मशीनची कॅडची फाइल, म्हणजे संगणकावर आखलेली अख्खी मशीन, त्यानं जशीच्या तशी गिऱ्हाइकाला पाठवली. त्यातल्या एका बोल्टला कोणीतरी टीप जोडून ठेवली होती, ‘चिकट माणूस आहे, स्वस्तातला लाव.’ गिऱ्हाईक खरंच चिकट असल्यामुळे त्यानं एकेक बोल्ट तपासला. ब्रेंट आता किनाऱ्यावर पर्यटकांना होड्या भाड्यानं देतो आणि, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, सुखी आहे.

रेवीला होडीत बसलं की मळमळतं. शुक्रवारी त्याचा उमेदवारीचा काळ संपत होता, आणि नेल्सन गावात दुसरी नोकरी त्याच्या पाहण्यात नव्हती.

त्याच आठवड्यात कोरोमंडल गावच्या शिंपले कारखान्याला फाइल जायची होती. कंपनीची जुनी मशीन त्यांच्याकडे होतीच, आता तशीच पण मोठी हवी होती. फाइल नेव्हची, ती साफ करून पाठवायचं काम रेवीचं. नेव्ह म्हणजे इथला सगळ्यात जुना डिझायनर. मागच्या शेडमध्ये बसायचा आणि मशीनच्या भागांची बारशी करायचा. एका स्प्रिंगचं नाव होतं ‘सोमवारची ग्लेनिस’. रेवीनं ते नुसतं ‘स्प्रिंग’ केलं. पुरवठादारांची नावं उडवली. मग एका मापाशी टीप आली, ‘हे इतकं का, कोणालाच माहीत नाही. हात लावू नका.’

हे घरातलं बोलणं की कामाची सूचना, त्याला ठरवता येईना. ग्लेनिस म्हणाली, पुसून टाक. नेव्ह म्हणाला, पुसलंस तर कोणीतरी हात लावेल. दोघांचंही पटल्यामुळे त्यानं पहिलं वाक्य काढलं आणि दुसरं ठेवलं.

फाइलमध्ये मशीनच्या खाली एक कुत्रा झोपला होता. पूर्ण कुत्रा, कानांसकट. रेवीनं तो पुसला, त्याबरोबर अख्खी मशीन खाली बसली आणि पडद्यावर सगळीकडे लाल खुणा पेटल्या. तो धावत शेडमध्ये गेला. नेव्हनं शांतपणे सांगितलं की सांगाड्याची उंची कुत्र्याच्या पाठीपासून मोजलेली आहे. पूर्वी इथे बिस्किट नावाचा कुत्रा होता, त्याला खाली मावायला हवं होतं.

“म्हणजे कुत्रा महत्त्वाचा आहे?” रेवीनं विचारलं.

“छे रे गड्या. गंमत होती.”

रेवीनं उंचीचा आकडा हातानं टाकला. मशीन उठून उभी राहिली. हे ग्लेनिसला सांगायला गेला तेव्हा तिनं डोकं धरलं आणि म्हणाली की बाळा, यापुढचं तूच ठरव.

यापुढे केक होता. बंद डब्याच्या आत एक दांडा, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक केक. मधे भोक असलेला, कडेला नक्षीच्या चुण्या, आणि एका बाजूनं कोणीतरी मोठा घास घेतलेला. नाव, ‘बेरिलचा केक’. बेरिल म्हणजे नेव्हची बायको. तिचा चौकोनी केक दर शुक्रवारी चहाला यायचाच. रेवीनं जीव मुठीत धरून दोन्ही केक पुसले आणि लाल खुणांची वाट पाहिली. एकही आली नाही. कुत्रा काढल्यावर एवढा गोंधळ, तर तो गंमत. मग ज्यानं काहीच होत नाही तो केक गंमत नाही तर काय? त्यानं फाइल पाठवून दिली.

गुरुवारी कोरोमंडलहून पानियाचा फोन आला. ती तिथली इंजिनियर. ग्लेनिसनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

पानिया म्हणाली, मशीन संगणकात चालवून पाहिली, थरथरतच नाही. चाळणी गप्प आहे आणि शिंपले आपले बसून आहेत. मग तिनं रेवीला विचारलं, “भावा, केक कुठाय?”

ग्लेनिसनं रेवीकडे असं पाहिलं, जणू तो आधीच होडीत बसलाय.

“केक हा शब्द तुम्हाला कोणी सांगितला?” तिनं सावकाश विचारलं.

“सांगायचं काय त्यात? जुन्या मशीनचं झाकण उघडलं की केकच दिसतो. आम्ही त्याला ग्रीस लावतो. गेल्या वर्षी मेणबत्त्याही लावल्या.”

मग नेव्हला बोलावणं गेलं. चाळणी हलायची तर दांड्यावरचं वजन एका अंगाला जास्त हवं, तो म्हणाला. पहिल्या मशीनच्या वेळी हाताशी बेरिलचं केकचं भांडं होतं. त्यावरून वाळूचा साचा केला, लोखंड ओतलं, आणि एक बाजू कापून टाकली. भांडं काही घरी परत गेलं नाही. तेव्हापासून बेरिलचा केक चौकोनी.

“मग मला सांगायचं ना,” रेवी म्हणाला.

“तू कुत्र्याचं विचारलंस, मी कुत्र्याचं सांगितलं.”

केक परत बसवला, घासासकट. नाव मात्र ‘वजन’ ठेवलं. पानियानं लगेच उत्तर पाठवलं, केक मिळाला, आभारी आहे.

शुक्रवारी चहाच्या वेळी ग्लेनिस म्हणाली की फाइलमधून बाहेर काहीच गेलं नाही, उलट जायला हवं होतं तेही गेलं नाही. इतका जपणारा माणूस तिला आजवर मिळाला नव्हता. रेवी कायम झाला. त्यानं चौकोनी केक खाल्ला आणि नेव्हनं आणून दिलेली पुढची फाइल उघडली.

मशीनशेजारी एक माणूस उभा होता. कठड्यावर कोपर टेकलेलं, केस रेवीसारखे. नाव, ‘रेवी’.

त्यानं स्वतःला पुसून पाहिलं. कठडा कोसळला आणि पडदाभर लाल खुणा पेटल्या. त्याला क्षणभर फार बरं वाटलं. मग कुत्रा आठवला.