माझ्या पोटातली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. कोचेव्ये गावाच्या रानाकडेला मातेव्झच्या घरात, कुलूपबंद कपाटात राहते. अक्रोडाचा दस्ता झिजलाय, नळीवरचा काळा रंग उडालाय. नेम मात्र अजून पक्का आहे, हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

इतर रायफली भारी नखरेल. काडतूस बदललं की गोळी वीतभर बाजूला जाते, मग पुन्हा नेम बसवत बसा! माझं तसं नाही. शिशाची द्या, तांब्याची द्या, हलकी द्या, जड द्या, शंभर पावलांवर सगळ्या एकाच जागी. हंगामाआधी गावच्या शिकारी मंडळात प्रत्येकाला फळीवर गोळ्या मारून दाखवाव्या लागतात. तिथे मंडळाचे प्रमुख गाश्परकाका दरवर्षी म्हणायचे, "मातेव्झ, हिला उकडलेला बटाटा भरलास तरी ही चुकायची नाही!"

सगळे हसायचे आणि मी फुगायचे. मातेव्झ तर माझ्याहून जास्त फुगला. काय भरतोय ते बघणंच त्यानं सोडून दिलं. खिशातली उरलीसुरली काडतुसं काढायची आणि माझ्या पोटात कोंबायची. त्याची मुलगी नेझा चिडायची. "बाबा, सरावाची कठीण गोळी आणि शिकारीची मऊ गोळी एकत्र कशाला करता?"

"जाते ना जायची तिथे? मग झालं तर!"

पण मित्रांनो, नेम माझा असला तरी लागल्यावर काय करायचं ते गोळीच ठरवते. मऊ गोळी जनावराच्या अंगात फुलते आणि बहुधा तिथेच थांबते. कठीण गोळी आरपार जाते आणि पलीकडे जे असेल त्यात घुसते.

त्या नोव्हेंबरात रानडुकरांचा हाका होता, म्हणजे आरडाओरडा करून त्यांना रानाबाहेर काढायचं आणि टिपायचं. मातेव्झची पहिली गोळी एका मोठ्या नराच्या अगदी खांद्यामागे लागली. पण ती कठीण निघाली. डुक्कर पडलं नाही, रक्त सांडत झुडपांत शिरलं. जखमी जनावर रानात सोडून घरी जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. माग काढणारी कुत्री पिका नेझाची.

"तू मागे राहा गं," मातेव्झ म्हणाला.

"कुत्री माझी आहे, बाबा. तुमचं ऐकते तरी का ती?"

नेझा पुढे गेली. आम्ही दहा पावलं मागे. एकाएकी पिका गुरगुरली, झुडूप फुटलं आणि डुक्कर बापलेकीच्या बरोबर मधे आलं, तोंड नेझाकडे करून. मातेव्झनं मला खांद्याला लावलं. डुकराच्या पलीकडे, त्याच रेषेत, नेझाचं लाल जाकीट!

"आत कोणती आहे?" तो पुटपुटला.

मला माहीत होतं. कठीण होती. नको रे, नको! मला ओरडायचं होतं, पण लाकडा-लोखंडाला कुठली वाचा? जन्मात पहिल्यांदा मला माझ्याच नेमाची भीती वाटली.

डुकरानं मान खाली घातली. "ए हरामखोरा! इकडे! इकडे ये!" मातेव्झ बोंब मारत बाजूला धावला. डुक्कर गर्रकन वळलं आणि त्याच्यावरच आलं. आता त्याच्या मागे नुसता मातीचा चढ होता. मातेव्झनं चाप ओढला. डुक्कर पडता पडता त्याची मांडी फाडून गेलं.

"नेझा! तुला काही झालं नाही ना?"

"मला काही नाही. बाबा, तुमचा पाय!" तिनं पट्टा काढून मांडीला करकचून आवळला.

"आधी बघ, कोणती होती."

तिनं माझा बोल्ट ओढला. रिकामं काडतूस पाचोळ्यात पडलं. ते उचलून तिनं बुडावरची खूण वाचली.

"सरावाची."

मातेव्झ ढसाढसा रडला.

हाका संपल्यावर गाश्परकाका मानाची हिरवी डहाळी त्याच्या हॅटमध्ये खोवायला आले. "घे रे! तीन पावलांवर पाडलंस!"

"नको, काका. आज मला शोभणार नाही," तो म्हणाला. खिशातली सगळी काडतुसं त्यानं नेझाच्या ओंजळीत ओतली. "यापुढे तू निवडायचं, मी भरायचं."

मित्रांनो, गुणी अवजार हाती आलं तर त्याच्या गुणावर डोळे मिटून विसंबू नका. त्याच्या पोटात काय घालताय ते आधी बघा. आमच्या बारा वर्षांच्या सोबतीत मातेव्झनं मला ते एकदाच विचारलं, आणि तेव्हा समोर त्याची लेक उभी होती.