वॉर्ड हवाली करताना

"क्याथेडर नाही, मावशी. कॅथेटर," सिस्टर तिसऱ्यांदा म्हणाल्या.

थोरल्या मावशींनी जीभ टाळूला लावून पाहिली, ओठ ओले केले आणि पुन्हा "क्याथेडर"च म्हणाल्या. चहाच्या खोलीतल्या बाकीच्या आया तोंडावर हात ठेवून हसल्या. दारात उभा असलेला लिफ्टमन म्हणाला, "नळी म्हणा की सरळ. नळी काय रागवणारे?"

सिस्टर हसल्या नाहीत. त्या मावशींच्या लेकीच्या वयाच्या, पण साऱ्या वॉर्डाचा भार वाहून चेहरा पार उतरून गेलेला. त्यांनी पुन्हा समजावलं. गुरुवारी तपासणीचे लोक येणार, आयांची संध्याकाळची फेरी ऐकणार. वरच्या मजल्यावर दोघींना शब्द धड म्हणता आले नाहीत, तर त्यांना धुलाईखान्यात धाडलं.

"माझ्या हातात असतं तर मी विचारलंही नसतं तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या.

धुलाईखाना मावशींच्या चांगल्या ओळखीचा होता. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी तिथं ओल्या चादरी पिळल्या होत्या. बोटांचे सांधे तेव्हाच सुजले, ती सूज आजतागायत उतरली नाही. सकाळी वेणी घालायची तर सुनेला हाक मारावी लागे. आता पुन्हा तिथं जायचं म्हणजे उरलेसुरले हातही तिथंच ठेवून यायचं.

या वॉर्डात अंथरुणाला खिळलेली माणसं होती. पाळी संपली की जाणारी आया येणारीला बरोबर घेऊन खाटेखाटेपाशी थांबे आणि त्या माणसाचं सगळं मोठ्यानं सांगे. लिहिण्याचं काम नर्सबाईंचं, सांगण्याचं आयांचं. मावशींची फेरी ऐकायला रोगी उशीवरून मान वळवत. दिवसभरात आपल्याबद्दल कुणी एवढं सविस्तर बोलतंय, हे तेवढंच.

पाचव्या खाटेवर घड्याळवाले आजोबा होते. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेली. आता उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती, समज मात्र शाबूत. मावशी रोज त्यांच्या पायाशी उभ्या राहून सांगत, "यांना पॅरलेस झालाय. पाणी पातळ द्यायचं नाही, भुकटी घालून घट्ट करायचं. डोकं उंच करून, डाव्या गालातून, चमच्या-चमच्यानं. घाई नको. आजोबांना कुठं गाडी गाठायचीय?"

'पॅरलेस' ऐकलं की आजोबांचा अर्धा चेहरा हसे. कधीकधी मावशी मुद्दाम दोनदा म्हणत.

घरी सुनेनं त्यांची तयारी करून घेतली. पोळ्या लाटता लाटता ती शब्द सांगे आणि मावशी भांडी विसळता विसळता ते घोकत. पॅरालिसिस. नेब्युलायझर. निमुनिया नाही, न्यूमोनिया. "आत्याबाई, लग्नातसुद्धा एवढं पाठांतर केलं नसेल तुम्ही," सून म्हणाली. मावशी म्हणाल्या, "लग्नात कोण विचारत होतं मला?" दोघी हसल्या, पण रात्री झोपेतही मावशींचे ओठ हलत राहिले.

गुरुवारी वॉर्ड लखलखीत झाला. खाटांवरच्या सूचनांच्या जुन्या, डागाळलेल्या पाट्या नव्यानं रंगवायला काढल्या होत्या. संध्याकाळची नेहमीची आया रजेवर होती, तिच्या जागी दुसऱ्या वॉर्डातली बदली आली होती. मागं तपासणीचे तिघं हाताची घडी घालून उभे.

मावशी चालू लागल्या. पहिली खाट, कॅथेटर. स्वच्छ. दुसरी, तिसरी. कपाळावर घाम, पण जीभ कुठं अडखळली नाही. पाचव्या खाटेपाशी आल्या. आजोबा टक लावून वाट बघत होते. मावशी म्हणाल्या, "यांना पॅरालिसिस झालाय. नेब्युलायझर दिलेला आहे." दोन्ही शब्द नाण्यासारखे खणखणीत पडले. तपासणीतल्या एका बाईंनी मान डोलावली. त्या सुटकेतच मावशी सहाव्या खाटेकडे वळल्या.

आजोबांचा चेहरा हलला नाही.

फेरी संपल्यावर सिस्टरांनी त्यांचा हात दाबला. घरी सुनेनं चहा केला. मावशींना त्या दिवशी फार दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी येऊन बघतात तो पाचवी खाट रिकामी. रात्री आजोबांनी तहान लागली म्हणून तांब्याकडे बोट दाखवलं होतं. बदलीच्या आयेनं मायेनंच, ते निजलेले असतानाच, पेला त्यांच्या तोंडाला लावला. पाणी छातीत उतरलं. वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं, तिथून ते परत आले नाहीत. दुपारी त्यांची मुलगी चष्मा आणि हातातलं घड्याळ न्यायला आली. घड्याळ चालू होतं.

मावशी सिस्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "पाण्याचं सांगायचं माझ्याकडून राहिलं."

सिस्टरांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "पाट्या मीच काढायला लावल्या होत्या, मावशी." आणि मान वर न करताच, "तुमचं पक्कं झालं. इथंच ठेवलंय तुम्हाला."

मावशींनी मान हलवली. हवं होतं ते हातात पडलं होतं, आणि ते कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी बदलीची आया पुन्हा आली. तिचे डोळे रडून सुजले होते. मावशी तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्यांनी तिला नेहमीसारखं बरोबर घेतलं. पहिली खाट, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीवर नवी चादर घातली होती. आया पुढं सरकली, पण मावशी थांबल्या. सिस्टरही दारात थांबल्या.

मावशींनी सुजलेल्या बोटांनी चादरीची एक सुरकुती काढली.

"यांना पॅरलेस झालाय," त्या म्हणाल्या. "पाणी पातळ द्यायचं नाही. डोकं उंच करून, डाव्या गालातून, चमच्या-चमच्यानं. घाई नको."

मग त्या सहाव्या खाटेकडे वळल्या.