कपाटामागची भेग

वांबोलाने ओले पोते धुराड्याच्या तोंडावर घट्ट दाबले, वर दोन विटा ठेवल्या आणि छपराच्या शिडीवरून तो जपून खाली उतरला. तळमजल्यावर राहणाऱ्या मारिटच्या, घर उबवायच्या भट्टीत ओला पेंढा धुमसत होता. वरची वाट बंद झाल्यावर धूर नळीत कोंडणार, आणि वाटेत कुठे फट असेल तर तिथून डोके बाहेर काढणार. धुराडे तपासायची ही जुनी रीत. मारिट लाँड्रीत कामाला गेली होती, तिची मुलगी पाळणाघरात. घराची किल्ली नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यावरच्या साल्मेबाईंकडे होती.

घर नव्वद वर्षांपूर्वीचे, सगळे लाकडी. तार्तू शहरातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना तसलीच घरे होती. मधोमध विटांचा एक जाड खांब पायापासून छपरापर्यंत गेलेला, आणि त्याच्या पोटात चार बिऱ्हाडांच्या चार धूरनळ्या शेजारी शेजारी. हिवाळ्यात छपरावरून तीन विटा अंगणात पडल्या, म्हणून रहिवाशांनी दुरुस्ती काढली होती. वांबोलाचे काम खरे तर वरच्या दोन हातांपुरतेच होते. पण गेली अकरा वर्षे दर ऑक्टोबरात या धुराड्यांची काजळी तोच काढत होता, तपासणीच्या कागदावर सही त्याचीच असायची. उघडलेच आहे तर सगळे पाहून घेऊ, असे त्याला वाटले.

साल्मेबाई स्वयंपाकघरात रुबार्बचे आंबट देठ चिरत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बारीक चणीच्या, नवरा एल्मार गेल्यापासून एकट्याच. गुडघा दुखतो म्हणून स्टुलावर बसून.

"तुमच्याकडे काही वास येतोय का?" त्याने दारातूनच विचारले.

"वास? नाकानं माझी साथ कधीच सोडली. तूच बघ."

स्वयंपाकघराची भिंत स्वच्छ निघाली. मग तो झोपायच्या खोलीत गेला. खांबाच्या त्या बाजूला मोठे ओक लाकडाचे कपाट होते आणि कपाटावर लोणच्याच्या बरण्यांची रांग.

"हे जरा हलवावं लागेल."

"एल्मार असता तर ओरडला असता," साल्मेबाई हात पुसत आत आल्या. "दर वर्षी ओरडायचा ना तुझ्यावर? कपाटाला हात लावू नकोस, माझ्या बरण्या फुटतील, म्हणून."

"हो. ओरडायचे."

दोघांनी मिळून बरण्या पलंगावर ठेवल्या. वांबोलाने खांदा लावून कपाट ढकलले. ते कुरकुरत हातभर सरकले, आणि मागच्या भिंतीतून, कमरेच्या उंचीवर, धुराची एक बारीक रेघ शांतपणे वर चढताना दिसली. भेग वीतभर लांब होती. दोन विटांमधला चुना पार भुकटी होऊन गेला होता, आणि कपाटाची पाठ काळवंडली होती. ती काजळी काही आजकालची नव्हती.

वांबोला धावत वर गेला, पोते काढले, खाली जाऊन पेंढा विझवला. परत आला तेव्हा साल्मेबाई बरण्यांच्या शेजारी, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

"ही माझी नळी नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"खालची आहे."

 हातातले काळे फडके त्याने उगाचच घडी करून खिशात घातले.

फेब्रुवारीत पारा उणे सव्वीसवर गेला होता. एल्मारला खोकला होता. त्याला नीट झोप लागावी म्हणून साल्मेबाई स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपल्या होत्या. निजण्यापूर्वी त्यांनी खोलीतल्या भट्टीची धूर जायची झडप लावली, रोजच्यासारखी. सकाळी चहा घेऊन आत गेल्या तेव्हा एल्मारचे गाल गुलाबी होते, छान झोपल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, भट्टीचा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. निखारे पुरते विझण्याआधी झडप लावली तर तो घरात कोंडतो. पोलिसांनी विचारले, झडप कधी लावली? साल्मेबाईंना आठवेना. मीच लवकर लावली असेल, असे त्यांनी स्वतःच सांगितले. अधिकाऱ्याने भट्टी पाहिली, भट्टी ठणठणीत होती. विषय संपला.

त्यांचा एकुलता एक मुलगा आर्गो समुद्रापलीकडे तुर्कू शहरात बस चालवत असे. दफनाच्या दिवशी खड्ड्याजवळ, सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "साठ वर्षं भट्टी पेटवतेस आई, आणि तुला एवढं कळलं नाही?" त्याच संध्याकाळच्या बोटीने तो परत गेला. तेव्हापासून फोन नाही. आता मे महिना होता.

"त्या रात्री मारिटच्या पोरीला ताप होता," साल्मेबाई म्हणाल्या. "रडणं वर ऐकू येत होतं मला. रात्रभर कोळशाच्या वड्या घालत होती बिचारी. आणि ऊब टिकावी म्हणून झडप अर्धीच उघडी ठेवलेली. तिनंच सांगितलं होतं मला नंतर, सहज बोलता बोलता."

"साल्मेबाई, म्हणजे वायू ह्या भेगेतून आला. तुमच्या हातून काहीच झालं नाही."

"हं."

"तीन महिने तुम्ही..."

"ऐकलं मी." त्यांनी एका बरणीचे झाकण घट्ट केले. ते आधीच घट्ट होते. "तू कागदावर काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"आणि तो कागद जिन्याखाली फळीवर लागणार. मारिट वाचणार."

"लागणारच. नियम आहे."

"मग मारिटनं पुढं जगायचं कसं? लेकराला थंडी वाजू नये म्हणून पेटवलेल्या आगीनं वरचा म्हातारा गेला, हे घेऊन? रोज संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन वर येते. माझा कचरा नेते, गुडघ्याला मलम लावते. पुन्हा ह्या जिन्यावर पाय ठेवेल ती?"

"तिचा तरी काय दोष? भेग भिंतीला पडली."

"हे तुला कळतं, मला कळतं. तिला कळेल?"

"निदान आर्गोला सांगा."

"आर्गो तोंडाचा फाटका आहे. उन्हाळ्यात येईल, दोन बिअर पोटात गेल्या की अंगणात उभं राहून सगळ्या आळीला ऐकवेल." त्या थांबल्या. "ह्या ओझ्याची मला सवय झालीय आता. मारिटला नको व्हायला. तू कुणाला काही सांगू नकोस."

वांबोलाने सरकवलेल्या कपाटावर हात ठेवला. "यात माझीही चूक आहे. अकरा वर्षं हे कपाट मी..."

"ठाऊक आहे मला," साल्मेबाई त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या.

 त्या लंगडत स्वयंपाकघरात गेल्या आणि सुरी फळीवर चालू लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी त्याने भेगेच्या आसपासच्या विटांच्या पाच ओळी उतरवल्या, नव्या विटा लावल्या, त्यांच्यामधले सांधे भरले, वरून गिलावा केला आणि चुन्याचे तीन हात दिले. आयुष्यात इतके सुबक काम त्याने क्वचितच केले असेल. काळवंडलेली पाठ लपावी म्हणून कपाट समोरच्या भिंतीला टेकवले. कागदावर लिहिले: धुराड्याचा वरचा भाग जीर्ण, नव्याने बांधला. अन्य दोष आढळला नाही. खाली सही केली. तेव्हा पेन कुठे अडखळले नाही, याचीच त्याला नंतर लाज वाटत राहिली. साल्मेबाईंनी मारिटला वाचवले होते, आणि त्या आडोशाला तोही उभा होता.

जून गेला, जुलै गेला. इतर घरांत तो आता प्रत्येक कपाट हलवायला लावी, लोक वैतागत. बाजारात एकदा साल्मेबाई दिसल्या. मारिटची मुलगी त्यांचे बोट धरून चालत होती आणि त्या तिला वाटाण्याच्या शेंगा सोलून देत होत्या. साल्मेबाई खूपच वाळल्या होत्या. त्याला ओळख देऊन त्या हसल्या, पण थांबल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये वांबोलाने रहिवाशांच्या यादीतून आर्गोचा नंबर काढला. साल्मेबाईंचे बिऱ्हाड अर्धे मुलाच्या नावावर होते. दोन दिवस त्याने काय बोलायचे ते मनात जुळवले, तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला आणि एका दमात सगळे सांगितले. भेग, कपाट, खालची भट्टी, स्वतःची अकरा वर्षे. मारिटला कळू देऊ नका, अशी विनवणीही केली.

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"तपासणीचा कागद टपालानं मलाही आलाय," आर्गो म्हणाला. "त्यात असलं काही नाही. सही तुमचीच आहे ना?"

"माझीच. ते खोटं लिहिलं मी."

"तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

"भाऊ, मी शपथेवर..."

"मला दाखवा मग ती भेग."

वांबोलाच्या डोळ्यांपुढे ती पांढरीशुभ्र भिंत आली. एक केस शिरेल एवढीही जागा त्याने तिथे ठेवली नव्हती. पुरावा म्हणून उरले होते ते एक कपाट. पण कपाटाची काळी पाठ काय, कुठल्याही भट्टीने होते.

"ती बुजवली मी."

"वाटलंच." आर्गोचा आवाज आता चढला नव्हता, उलट थकला होता. "हे बघा, तुम्ही भला माणूस दिसता. आईनं सांगितलं ना तुम्हाला फोन करायला? ती अशीच आहे. माणसांना कामाला लावते." आणि फोन बंद झाला.

वांबोलाने पुन्हा दोनदा लावला. कुणी उचलला नाही.

ऑक्टोबरात ठरल्या दिवशी तो ब्रश आणि दोर घेऊन साल्मेबाईंकडे गेला. नळी साफ केली, भट्टी तपासली, नवीन भिंतीवरून हात फिरवला. हात धुवायला स्वयंपाकघरात आला तेव्हा टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"बस," साल्मेबाई म्हणाल्या. "तू आर्गोला फोन केलास."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "केला. तुमचा शब्द मोडला मी."

"मोडलास." त्यांनी कॉफी ओतली. "परवा त्याचा आला होता. आठ महिन्यांनी. अस्सा चिडला होता! म्हणे, परक्या माणसाला पढवून फोन करायला लावतेस, म्हातारपणी लाज नाही वाटत?"

"मी तुर्कूला जातो. समोर बसून सांगतो त्याला."

"नको."

"मग तुम्ही तरी सांगायचं होतंत, की तुमचं यात काही नाही म्हणून."

"सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि त्यानं फोन ठेवला असता." साल्मेबाईंनी दुधाचे भांडे त्याच्याकडे सरकवले. "मी म्हटलं, हो रे बाबा, मीच पढवलं त्याला. चुकलं माझं. आणि झडपही मीच लवकर लावली. तर गप्प झाला. मग रडला. वडील गेल्यापासून रडलाच नव्हता म्हणे. मग विचारलं, गुडघा कसा आहे."

वांबोलाने कपात दूध ओतले.

"वीस मिनिटं बोलला," त्या म्हणाल्या. "रविवारी पुन्हा करतो म्हणालाय."