बाईंचा घसा

कापणी झाली, नवा गहू घराघरांत आला आणि गिरणीला उसंत म्हणून राहिली नाही. सकाळी पट्टा चढायचा तो दिवेलागणीलाच उतरायचा. गिरणीची भिंत आणि शाळेची भिंत एकच. पलीकडं पीठ, अलीकडं पोरं, आणि दोन्हींच्या कात्रीत बाईंचा घसा. एका खोलीत दोन वर्ग, वर ती घरघर. साधी बेरीज शिकवायची तर रानात गुरं हाकल्यासारखं ओरडावं लागायचं. शेवटी घसा तो, किती सोसणार? दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आत आरसा घालून बघितलं आणि स्पष्टच सांगितलं, गाठ धरायला लागलीय, असंच ओरडत राहिलात तर आवाज कायमचा जाईल.

आता आवाज गेलेली बाई शाळेत काय करणार, फळा पुसणार?

बाई हेडमास्तरांकडं गेल्या. त्यांनी मिठाच्या गुळण्या करायला सांगितल्या. सरपंचांकडं गेल्या. ते म्हणाले, आधीच्या मास्तरांची कधी तक्रार नव्हती. नसणारच, ते मास्तर वर्गात झोपायचे. मग बाई थेट गिरणीवाल्यासमोर उभ्या राहिल्या. शाळा सुटल्यावर दळा, एवढंच मागणं. त्यानं पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशीवरून हात फिरवला.

"बाई, या गिरणीवर गावाचं पोट आहे. तुमच्या एका घशासाठी गाव उपाशी ठेवू?"

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा उचलला, पोरं उठवली आणि गिरणीच्या अंगणात, ऐन दारासमोर आणून बसवली. जमीन तापलेली, नांगरलेल्या रानातला धुरळा वाऱ्याबरोबर डोळ्यांत जात होता. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका बघतच राहिल्या, कारण पोरं त्यांचीच होती. गिरणीवाला दारातनं ओरडला, बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या कविता शिकवू लागल्या. पहिली ओळ कुणाच्या कानापर्यंत गेलीच नाही. दुसरीला त्यांनी जोर लावला. पुढच्या ओळीला ओठ हलले, मानेच्या शिरा ताठल्या आणि नुसता वारा बाहेर आला. पोरं माना वर करून वाट बघत बसली. बाईंचे डोळे भरले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. खडू घेऊन उरलेली कविता फळ्यावर लिहायला लागल्या.

रांगेत सगळ्यात पुढं होती ती जिला गाव ठसकी म्हणायचं. आदल्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं तीच हसली होती. आता तिच्याच्यानं बघवेना. तिनं काट्यावरचा डबा उचलला आणि कडेवर घेतला.

"कुठं निघालीस?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"घरी. आमचं दळण शाळा सुटल्यावर. तोवर काही कुणी मरत नाही उपाशी."

एकीनं उचलला की दुसरीला थांबणं जड जातं. बघता बघता अंगण मोकळं झालं.

गिरणीवाला पडला खुनशी. गिऱ्हाईक नाही तर नाही, बाईंना ऐकू जावं म्हणून त्यानं गिरणी रिकामीच फिरवत ठेवली. मधे दाणा नसला की दगडच दगडाला खातो, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण रागाला अक्कल कुठली. बाई पोरांना घेऊन पुन्हा वर्गात आल्या आणि तोंड मिटून फळ्यावर शिकवत राहिल्या, आणि भिंतीपलीकडं त्याचं जातं झिजत राहिलं. चार दिवसांत संध्याकाळच्या पिठात कचकच लागायला लागली. ठसकीनं आपला डबा आणून त्याच्या पायरीवर आदळला. म्हणाली, दगड तुझे आहेत, तूच चाव. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आता बोंबलायचं कुणाच्या नावानं?

गिरणी बंद पडली. टाकीवाला बोलावून झिजलेले दगड पुन्हा खडबडीत करून घ्यावे लागले. ते झाल्यावर स्वारी खाली मान घालून शाळेच्या दारात आली.

"बाई, आजपासून शाळा सुटल्यावरच पट्टा चढवीन. दळण घेऊन परत या, तेवढं बायकांना सांगा. तुमचं ऐकतात त्या."

इतक्या दिवसांच्या विसाव्यानं बाईंचा घसा जरा सुटला होता. त्या हळू बोलल्या, आणि भिंतीपलीकडं शांत असल्यामुळं त्याला शब्द न् शब्द ऐकू गेला.

"भाऊ, हा आवाज मी पोरांसाठी राखलाय. बायकांना तुमचं तुम्ही सांगा. घरोघर जाऊन."

गिरणीवाला उन्हात उतरला. शाळेपासनं पहिलंच दार ठसकीचं होतं.