नदीतले किडे

चार वर्षं नदीतज्ज्ञ बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दगड उलटत होत्या. यंदा कुठे पहिल्यांदा, फक्त स्वच्छ पाण्यात जगणारे इवलेसे किडे दगडांच्या खालच्या बाजूला चिकटलेले दिसले. नदी जगली! बाईंचा आनंद गगनात मावेना. अहवालाचं पहिलंच वाक्य त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'नदीत भरपूर किडे सापडले.'

मोठे साहेब कुठलाही अहवाल पहिल्या वाक्यापुरताच वाचत. आठवड्याने त्यांनी बाईंना नदीवर बोलावून घेतलं. काठावर मंडप उभा होता आणि मंडपामागे औषधाच्या रिकाम्या डब्यांचा ढीग.

"तुमची तक्रार वाचली, बाई. उद्या पाहुण्यांसमोर आमचं नाकच कापलं गेलं असतं! तीन दिवस फवारणी केली, दगड न् दगड ब्रशने घासून घेतला. आता एक तरी किडा दाखवा!"

बाईंनी दगड उलटले. दहावा साहेबांच्या पायावर टाकावा असं फार वाटलं, पण त्यांनी तो जागेवर ठेवला आणि वहीत शून्य लिहिलं.

साहेब खांद्यावरून डोकावले.

"शून्य! वा! बाई, आता पलीकडच्या नदीचाही अहवाल लवकर द्या."