कोरडं बोट

“दाजी, होतंय का? माणसं यायला लागलीत.”

वरच्या झाकणातून सारंगाचं तोंड डोकावलं. खाली इंजिनाशेजारी मिस्त्री एका कुशीवर आडवा झाला होता. लाँच चालवणारा हा सारंग त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्यामुळे कितीही घाई असली तरी त्याला दाजींवर ओरडायची सोय नव्हती.

“यायला लागलीत तर बसू दे,” मिस्त्री म्हणाला. “डिझेलचं काम आहे. उरकून टाकायचं नसतं.”

गळती तशी बारीकच होती. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर पितळेचा एल्बो, म्हणजे काटकोनी सांधा होता, त्याच्या आट्यांमधून डिझेल पाझरत होतं. पण त्याच्या बरोबर खालून धुराचा पाइप गेला होता, आणि इंजिन चालू झालं की तो तापून हात लावू देत नसे.

मिस्त्रीने डिझेलचा कॉक बंद केला, एल्बो सोडवला, आट्यांत रुतलेली जुनी टेप खिळ्याच्या टोकाने खरवडून काढली. आटे चिंधीने पुसले आणि नवी पांढरी टेप ताणून गुंडाळली. एल्बो परत बसवून पहिले वेढे हाताने दिले, मग पाना लावला.

इथपर्यंत डोळ्यांचं काम होतं. पुढचं हाताचं. पाना किती ओढायचा हे कोणी सांगून कळत नाही. तो जड होत जातो आणि एका क्षणी हातालाच वाटतं, आता पुरे. कमी पडलं तर गळतं, जास्त झालं तर पितळ फाटतं. उभ्या आयुष्यात मिस्त्रीचा हात तिथे बरोबर थांबला होता. काम झालं की तो सांध्याखालून मधलं बोट फिरवायचा, अंगठ्यावर घासून बघायचा. बोट कोरडं असलं की लाँच सुटायची. मिस्त्रीच्या बोटावर बोट चालते, असा धक्क्यावर विनोद होता, आणि तो ऐकून मिस्त्री दर वेळी नव्याने हसायचा.

गेलं वर्षभर ते बोट मुकं झालं होतं. साखरेच्या आजारामुळे. आधी मुंग्या यायच्या, तेव्हा निदान मुंग्या तरी कळत होत्या. मग त्याही गेल्या. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला, तशी बायको म्हणाली, “डॉक्टरांना दाखवा.” तो म्हणाला, “थंडीने होतंय.” थंडी सरली. तिने पुन्हा विचारलं नाही. सकाळी समोर उभी राहून बटणं लावून देऊ लागली. धक्क्यावर मात्र तो कोणाला बोलला नाही. बोलायचं म्हणजे पाना खाली ठेवायचा, आणि पाना ठेवल्यावर आपण कोण उरतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आताही पाना जड झाला की नाही ते त्याला कळेना. जोर लागतोय एवढं खांद्याला जाणवत होतं. सैल राहिला तर, या धास्तीने त्याने आणखी जरा ओढला. कुठेतरी टक् असं वाजलं. तो थांबला. वर फळ्यांवरून माणसं चालत होती, सामान आदळत होतं. त्यातलाच आवाज असेल, असं म्हणून त्याने पाना काढून घेतला आणि कॉक उघडला.

वर येऊन त्याने साबण लावून हात स्वच्छ धुतले. सारंगाने इंजिन चालू केलं.

“एकदा बोट लावून बघा, दाजी. मग सुटतो.”

मिस्त्री पुन्हा खाली वाकला. तिथल्या अंधारात सगळंच तेलकट चकाकत होतं. त्याने मधलं बोट सांध्याखालून फिरवलं, अंगठ्यावर घासलं.

“कोरडं आहे,” तो म्हणाला. “सोड.”

घर धक्क्यामागेच होतं. बायको वाळलेली चादर घेऊन दारात उभी होती.

“आलात? धरा ते टोक.”

दोघांनी चादर ताणली, मध्ये दुमडली. त्याच्या हातातलं टोक घेताना ती थबकली.

“हात धुतले नाहीत का? डाग पडले.”

“साबणाने धुतलेत.”

“मग हे काय?” तिने कोपरा नाकाशी नेला. “डिझेल आहे.”

त्याने हात उजेडात धरला. बाकीची बोटं कोरडी होती. अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं टोक तेवढं चकाकत होतं. हात धुतल्यानंतर ती दोन बोटं कशाला लागली होती, हे त्याला आठवावं लागलं नाही.

“अहो, काय झालं?”

“तुझ्या भावाला फोन लाव. इंजिन बंद कर म्हणावं. आत्ता.”

तिने फोन लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली. चालत्या इंजिनापाशी फोन ऐकू येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तिने पुन्हा लावला. तोवर तो दाराबाहेर पडला होता.

लाँच निम्म्या वाटेवर गेली होती. इंजिनाचा ठोका धक्क्यापर्यंत येत होता. मागे धूर दिसत होता; तो रोजचाच की जास्त, हे मिस्त्री डोळे बारीक करून ठरवू पाहत होता. बायको धापा टाकत शेजारी आली. फोन अजून तिच्या कानाला होता.

मग ठोका थांबला.

“बंद का पडली?” तिने विचारलं.

“त्याने बंद केली असेल तर बरं.”

“आणि नसेल केली तर?”

लाँचच्या मधोमध काळा धूर वर आला. माणसं एका बाजूला पळाली, तशी लाँच कलली. “एकीकडे जाऊ नका रे,” मिस्त्री पुटपुटला. “बसा जागेवर.” बायकोने त्याचा दंड घट्ट धरला. बराच वेळ तो धूर तसाच येत राहिला. मग तो पांढुरका झाला, विरळ झाला, आणि लाँच सावकाश सरळ झाली. मासेमारीच्या एका होडीने दोर टाकून तिला ओढायला सुरुवात केली, तेव्हा कुठे बायकोने दंड सोडला.

सारंग आधी उतरला. त्याच्या उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

“वास आला म्हणून झाकण उघडलं. पाइपवर पेटलं होतं. कॉक बंद केला आणि ओलं पोतं टाकलं.” त्याने श्वास घेतला. “एल्बोला चीर गेलीय, दाजी. मालच खराब निघाला.”

मेहुण्याने आपणहून वाट काढून दिली होती. माणसं ऐकत होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“माल चांगला होता,” मिस्त्री म्हणाला. “मी जास्त आवळला. माझ्या बोटांना कळत नाही. वर्ष झालं.”

सारंग त्याच्याकडे बघत राहिला.

“आणि कोरडं आहे म्हणालात, ते?”

“तेही कळलं नाही.”

“एवढी माणसं होती, दाजी.” तो हे अगदी हळू म्हणाला. त्याने आवाज चढवला असता तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं.

“दुसरा मिस्त्री बघ,” तो म्हणाला. “मी आता यात हात घालणार नाही.”

बायको भावाचं फडकं सोडवून भाजलेली कातडी बघत होती. तिने मान वर केली नाही.

फळीवरून माणसं उतरत होती. काही जण मिस्त्रीकडे बघून पुढे जात, काही जण बघणं टाळत. सगळ्यांच्या मागून एक म्हातारी आली आणि फळीच्या टोकाशी अडली. तिच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. जवळ उभा दिसला म्हणून तिने मिस्त्रीपुढे हात केला.

“घट्ट धर हं बाळा. पाय लटपटतायत.”

मिस्त्रीने तिचा हात आपल्या हातात घेतला. तो गार होता की गरम, त्याला कळलं नाही. आजूबाजूला कुठेच न बघता, ती खाली उतरेपर्यंत त्याने आपल्या मुठीवर नजर खिळवून ठेवली, तिची बोटं निसटत तर नाहीत ना, ते पाहत.